दहा घटकांचा वाटा

खूप खूप जुनी गोष्ट आहे. भिंतीवर घड्याळ टांगायची पद्धत तेव्हा नव्हती. दिवस साठ घटकांचा असे, आणि घटका मोजायला घंगाळातल्या पाण्यावर तांब्याची वाटी सोडत. वाटीच्या तळाला बारीक भोक. पाणी शिरत शिरत वाटी बुडाली की एक घटका संपली.

त्या काळी एका गावात एक गणिती राहत होता. हौद किती दिवसांत भरेल, चार गवंडी भिंत केव्हा पुरी करतील, असलं काही विचारायचा अवकाश, त्याचं उत्तर तयार. बायको लवकर गेली होती. लेक एकुलती एक, तीही सात डोंगरांपलीकडे दिलेली. तीन वर्षांत तिची भेट नव्हती. गणिती रोज सांजेला ओसरीवर बसून डोंगराच्या वाटेकडे डोळे लावी. कुणी विचारलं तर म्हणे, जरा वारा खात बसलोय. विद्वान माणसांना असं खोटं बोलावं लागतं. खरं तर लेकीच्या आठवणीने त्याचा जीव तुटत असे.

एके दिवशी निरोप आला, लेक बारा दिवसांसाठी माहेरी येतेय.

तुम्ही-आम्ही असतो तर दाराला तोरण बांधलं असतं. गणिती पाटी घेऊन बसला.

"बारा दिवसांतला तिसरा हिस्सा झोपेचा," तो पुटपुटला. "चार गेले, आठ उरले. त्यांतला चौथा हिस्सा आल्यागेल्याचा. उरले सहा. त्यांतले निम्मे रांधण्या-धुण्यात. उरले तीन. त्यांतला तिसरा हिस्सा मैत्रिणी नेणार, त्या काही सोडायच्या नाहीत. राहिले दोन दिवस. म्हणजे एकशेवीस घटका, रोजच्या दहा."

करून बघा, हिशेब अगदी बरोबर आहे. गणित्याने ठरवलं, रोज दुपारच्या या दहा घटका आपल्या. त्यांतली एकही वाया जाऊ द्यायची नाही.

लेक आली ती मनात एक जड गोष्ट घेऊन. तिचा नवरा व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर समुद्रापलीकडच्या मुलखात निघाला होता. तीही जाणार होती, आणि बारा वर्षं परतणं नव्हतं. म्हाताऱ्या बापाला हे कसं सांगावं, या विचाराने वाटेत तिला घास गेला नव्हता.

दुपार झाली की गणिती ओसरीवर घंगाळ मांडी, वाटी सोडी आणि लेकीला हाक मारी. लेक येऊन बसे. पण बापाचा एक डोळा तिच्याकडे, तर एक वाटीकडे. तिसऱ्या दिवशी तिने धीर करून तोंड उघडलं, "आबा, एक सांगायचं होतं." तेवढ्यात वाटी बुडाली. गणिती उठला, वाटी रिकामी करून पुन्हा सोडली, मोजणीचा खडा बाजूला ठेवला आणि म्हणाला, "हं, सात उरल्या. बोल." एव्हाना लेकीच्या ओठावर आलेले शब्द पोटात परत गेले होते. तिने सासरच्या गाईगुरांचं काहीबाही सांगितलं.

दहा घटका सरल्या की गणिती ओसरीवर एकटा बसून दुसऱ्या दिवशीच्या दुपारची वाट बघे. आत जात्याची घरघर चाले. एकदा लेकीने आतून हाक मारली, आबा, इथेच येऊन बसा ना. त्यावर, तो कामाचा हिस्सा आहे, तुझं चालू दे, असं म्हणून तो जागचा हलला नाही. बिचारा प्रामाणिक होता. दुसऱ्याच्या वाट्यात हात घालणं त्याच्या स्वभावातच नव्हतं.

असे अकरा दिवस गेले. अकराव्या दिवशी सांजेला तो नदीवर पाय धुवायला गेला. तिथे शेजारची कुंभारीण भेटली. ती कळवळून म्हणाली, "बारा वर्षं म्हणजे लई झाली हो. तुमी दिस कसं काढाल?"

कसली बारा वर्षं, हेच गणित्याला कळेना. कुंभारणीने सगळं सांगितलं. तिला ते दळताना कळलं होतं. मैत्रिणींना धुणं धुताना, गावातल्या मावशीला वाती वळताना. आख्ख्या गावाला ठाऊक होतं, फक्त बापाला नव्हतं.

तो धापा टाकत घरी आला आणि थेट चुलीपाशी गेला. लेक वाटेच्या शिदोरीसाठी तीळ भाजत होती.

"सगळ्यांना सांगितलंस," तो म्हणाला, "मी तुझा कुणीच नव्हतो का?"

लेकीने तवा खाली उतरवला. "आबा, असलं बोलणं पाण्यावर वाटी सोडून होत नाही. हात कामात असले की ते आपसूक निघतं. मी रोज वाट बघत होते, तुम्ही आत याल म्हणून."

"तो वेळ माझ्या वाट्याचा नव्हता गं."

"मी तुमच्याच घरात होते ना, आबा. मग तो कुणाच्या वाट्याचा होता?"

तो तिथेच जमिनीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. लेकही रडली.

बाराव्या दिवशी घंगाळ कोपऱ्यातच राहिलं. पहाटे लेक झोपली होती, तेव्हा गणिती तिच्या उशाशी जाऊन बसला. ती अजून आईसारखीच हात गालाखाली घेऊन झोपत होती, हे त्याला त्या दिवशी कळलं. मग तो जात्यापाशी बसून तांदूळ निवडू लागला. मैत्रिणी नदीवर निघाल्या, तर धुण्याची टोपली घेऊन हाही मागून. त्या हसल्या, तोही हसला. दुपारी मावशी आली, तिच्या गप्पांतही तो बसला. लेक दिवसभर बोलत होती आणि तो ऐकत होता.

दुसऱ्या दिवशी जावई गाडी घेऊन आला. गाडी डोंगरामागे दिसेनाशी झाली तरी गणिती वाटेवर उभाच होता.

पुढे कुणी लेकीची चौकशी केली की तो तिने केलेले लाडू, तिचं नदीवरचं हसणं, मावशीची तिने केलेली थट्टा, सगळं रंगवून सांगे. पण ते सगळं त्या एकाच दिवसाचं असे. आधीच्या अकरा दिवसांतलं त्याला काही आठवत नसे, कितव्या घटकेला वाटी बुडाली एवढंच आठवे. बारा वर्षं त्याने त्या एका दिवसावर काढली.

म्हणून सांगतो, आपलं माणूस घरात असताना वेळेचे हिस्से पाडू नयेत. ते आहे तोवरचा सगळाच वेळ आपला असतो.