नदीपलीकडची पानं

फार पूर्वी एका नदीच्या दोन काठांवर दोन गावं होती. तेव्हा थंडीचे दिवस होते की उन्हाळ्याचे, हे अलीकडच्या गावातल्या शास्त्रीबुवांना म्हातारपणी खात्रीने सांगता येत नसे. पण नाव उलटली आणि एक प्रवासी बुडाला, एवढं नक्की.

तेव्हापासून नावाड्याने अंथरूण धरलं. जेवेना, बोलेना. वल्हं त्याच्या बायकोने हाती घेतलं.

एका सकाळी ती पोथीशाळेच्या पायरीशी आली. "शास्त्रीबुवा, तुमच्याकडे मनाच्या दुखण्याची पोथी आहे म्हणतात. माझा माणूस वाळत चाललाय हो."

शास्त्रीबुवांनी पोथीचं बासन सोडलं. सगळी लक्षणं जुळली. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, 'यावर उपाय असा', आणि पोथी तिथेच संपली.

"पुढची पानं?"

"पलीकडच्या पोथीशाळेत." शास्त्रीबुवांचा आवाज पडला. पूर्वी ही पोथी ज्यांच्या घरची होती, त्या दोघा भावांनी वाटणीत पोथीसुद्धा अर्धी केली होती. "लिहिलेलं अक्षर किंवा ते सांभाळणारा, कोणीच नदी ओलांडायची नाही, अशी दोन्हीकडची शपथ आहे. मोडली आणि पोथीच बुडाली तर? शिवाय मला तरी सगळं नीट उमगतं का..."

"मी रोज या काठावरून त्या काठाला हाका मारते," ती म्हणाली. "हाकेला कुठे शपथ आहे? का शास्त्र शिकलं की घसा बसतो?"

शास्त्रीबुवा कबूल झाले. तिने पलीकडच्या पोथीशाळेच्या पंडितांनाही गाठलं. ते आधी हसले, मग तयार झाले.

दुसऱ्या दिवशी वारा पडल्यावर पंडितांनी काठावर उभं राहून पानं वाचली. शास्त्रीबुवांनी ती उतरवली. चूक नको म्हणून ते प्रत्येक ओळ ओरडून परत म्हणत. 'विसर, असं म्हणू नये. घडलेलं त्याला सांगू द्यावं, मध्ये बोलू नये. रोज एक लहानसं काम हाती द्यावं.'

धुणं थांबवून बायका ऐकू लागल्या. "आमच्या सासूबाईंचं हेच की गं!" एक पुटपुटली.

नावाड्याच्या बायकोने तसंच केलं. नवव्या दिवशी नावाडी बोलला आणि पोटभर रडला. महिन्याभराने नदीच्या मध्यातून हाक आली, "शास्त्रीबुवा, आज वल्हं त्याच्या हातात आहे!"

शास्त्रीबुवा पायरीवर बसले. कितीतरी दिवसांनी त्यांना मोकळा श्वास घेता आला.

पुढे दर बाजाराच्या दिवशी दोन्ही काठांवर वाचन होऊ लागलं. बऱ्याच वर्षांनी शास्त्रीबुवांनी, इतकं वाटून अक्षरं झिजली तर नाहीत ना, या धास्तीनेच आपली पोथी पानापानाने तपासली. एकही अक्षर कमी झालं नव्हतं.

तात्पर्य: वाटल्याने ज्ञान झिजत नाही, बांधून ठेवलं की माणसं झिजतात.