एका संगणकाचे दोन राखणदार

एका गावात एक दूधसंस्था होती आणि तिला दोन मानकरी होते. वरल्या आळीचे हैबतअण्णा आणि खालच्या आळीचे दत्ताजीनाना. पोळ्याला कुणाचा बैल आधी, यावरून दोघांचं आजोबांपासूनचं भांडण. शेवटी कंटाळून गाव वेशीवर दोन तोरणं बांधू लागलं. त्यामुळे मान दोघांचाही राहिला, पण बैल बुजायला लागले.

पुढे संस्थेत संगणक आला. दुधाचं माप आणि फॅट त्यात चढल्याशिवाय टँकर दूध घेत नसे. या संगणकाला राखणदार हवा म्हणून हैबतअण्णांनी शहरातून एक अँटीव्हायरस आणून बसवला. हे कळल्यावर नाना कसले गप्प बसतात? त्यांनी लगेच दुसरा आणला. संगणक चालवणाऱ्या वैजयंताला दोघांनी बजावलं, "आमच्या मानाला हात लावायचा नाही."

तेव्हापासून संगणकाचं बिनसलं. ऐन संकलनाच्या वेळी पडदा निळा पडायचा आणि सगळं ठप्प व्हायचं. रांगेतल्या किटल्या उन्हात तापायच्या, दूध नासायचं. पारूबाईची तर एकच म्हैस. नासलेलं दूध गटारात ओतताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. मानकऱ्यांचे गोठे भरलेले. त्यांना एका किटलीचं काय?

वैजयंताने बिघाड शोधायचं ठरवलं. तिला त्यातलं फार कळत होतं असं नाही. पण भाकरी करपली तर आधी जाळ बघावा, मग तवा, एवढं कळत होतं. तिने अण्णांचा अँटीव्हायरस काढून पाहिला. संगणक सुरळीत चालला. तो परत बसवून नानांचा काढला. तरीही सुरळीत. दोन्ही एकत्र बसवले की मात्र पडदा निळा. दोन्ही राखणदार एकमेकांनाच चोर समजत होते आणि त्यांच्या झटापटीत संगणक आडवा होत होता.

या तपासाची कुणकुण लागताच अण्णांनी तिला बाजूला घेतलं. "पोरी, नानाचाच खोटा निघाला असं सांग. तुझी नोकरी कायम करून टाकतो." थोड्या वेळाने नाना आले आणि तेच बोलले, फक्त नाव बदलून.

कायम होण्यासाठी वैजयंताने संस्थेचे उंबरे झिजवले होते. एका वाक्याचं काम होतं. पण तिला पारूबाईचे डोळे आठवले आणि दोन्ही मानकऱ्यांची चीड आली.

सकाळी रांग लागली. दोघेही ऐकायला येऊन उभे राहिले.

"अण्णा, तुमचा चांगला आहे. नाना, तुमचाही चांगला आहे. पण दोघं एका घरात नांदत नाहीत. एक मी काढून टाकलाय."

"कुणाचा?" दोघांनी एकदम विचारलं.

"ते सांगणार नाही." जो ठेवला होता, त्याची पडद्यावरची खूणसुद्धा तिने लपवून ठेवली होती.

अण्णा लालबुंद झाले. नानांनी काठी आपटली. आणि आयुष्यात पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं: या बाईला काढा.

"काढा," वैजयंता म्हणाली, पण खुर्चीवरून उठली नाही. "मी इथे बसलेय तोवर या कंप्युटरवर दोन बसणार नाहीत. उद्या दुसरं कुणी बसवा, आणि दूध नासलं की या रांगेला तुम्ही उत्तर द्या."

मग पारूबाई दोन्ही मानकऱ्यांच्या मधून किटली घेऊन पुढे आली.

"सरका बाजूला. माझं दूध तापतंय. वैजयंता, माप घे बाई."

तिच्यामागून वरली आळी सरकली, खालची आळीही सरकली. अण्णा आणि नानांना भिंतीला टेकून उभं राहावं लागलं. त्या दिवशी टँकर भरून गेला.

वैजयंताला काढायची छाती पुढे कुणाला झाली नाही. कायमही कुणी केलं नाही. अण्णा अजून सांगतात, संगणकात त्यांचाच राखणदार आहे. नानाही तेच सांगतात. वैजयंताला विचारलं तर ती म्हणते, "दूध नासतंय का? नाही ना? मग पुढची किटली आणा."

तात्पर्य: राखणदार आपसात लढू लागले की घर बुडवायला चोर लागत नाही. अशा वेळी दोघांतल्या एकाची बाजू घेऊ नये. ज्याचं दूध नासतंय त्याची घ्यावी, आणि दोघांनाही तोंडावर नाही म्हणावं.