एकेचाळीस पानं आणि एक ओळ

"सर, ही पानं तुम्ही कुठून घेतलीत?"

डॉ. हणमंत सरोदे यांनी हे स्क्रीनकडे बघत विचारलं. समोर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडाकडे बघून त्यांना ते विचारता आलं नसतं.

टेंभेकर सरांनी चष्मा धोतराच्या सोग्यानं पुसला आणि पुन्हा घातला. स्क्रीन लालच दिसत होती.

"हे लाल काय आहे?"

"दुसरीकडे आधीच असलेला मजकूर."

विद्यापीठाच्या ग्रंथालयात तळमजल्यावर पूर्वी कार्डांची कपाटं होती. आता तिथे डिजिटल विभाग होता. एक कपाट अजून भिंतीशी उभं होतं. त्याच्या लहान लहान खणांत बंद पडलेले माउस आणि वायरींची भेंडोळी ठेवलेली होती. खणांवरची अक्षरं मात्र कुणी काढली नव्हती. अ ते औ. क ते घ.

हा विभाग सरोदेंनी उभा केला होता. प्रबंध, लेख, टिपणं, काहीही विद्यापीठाच्या डिजिटल भांडारात ठेवायचं, म्हणजे ते कुणालाही घरबसल्या वाचता यावं, तर आधी सरोदेंच्या तपासणीतून जावं लागे. दहा टक्क्यांहून जास्त मजकूर जुळला की परत. कुलगुरूंचा एक लेखही त्यांनी परत पाठवला होता. पाहुणे आले की ते हे आवर्जून सांगत.

पुढच्या महिन्यात ग्रंथालयाच्या संचालकपदासाठी त्यांची मुलाखत होती. दुसरा उमेदवारच नव्हता.

टेंभेकर सर एक्क्याऐंशी वर्षांचे. एस.टी.नं तीन तास बसून आले होते. पिशवीत एकेचाळीस टाइप केलेली पानं. विषय पाणाड्यांचा, म्हणजे जमिनीखाली पाणी कुठे आहे ते सांगणाऱ्या माणसांचा. सरांनी आपल्या जुन्या वह्या काढून ती लिहिली होती.

शेवाळेबाईंनी अहवालाची प्रत काढून आणली. त्या विभागातल्या लिपिक, बोलायला फटकळ.

"नव्याण्णव टक्के," त्या म्हणाल्या. "दहावीला एवढे मार्क पडले असते तर बॅनर लागला असता."

मग त्यांनी खालचं नाव वाचलं. मजकूर जिथून घेतला असं यंत्र म्हणत होतं, तो प्रबंध. प्रकरण तिसरे. संशोधक, हणमंत सरोदे.

बाई आपल्या टेबलाशी जाऊन बसल्या.

सरोदेंनी हळू आवाजात समजावून सांगितलं. प्रबंध तीस वर्षांपूर्वीचा आहे, भांडारात येऊनही बारा वर्षं झाली. सरांची पानं आजची. यंत्र तारखा बघतं. आधीचा तो मालक.

"बरोबर आहे," सर म्हणाले.

सरोदेंना हे अपेक्षित नव्हतं.

तीस वर्षांपूर्वी हणमंता सरांच्याच घरी राहून शिकत होता. सरांचं अक्षर कधी कधी सरांनाही लागत नसे. गावोगाव हिंडून सर वह्या भरून आणत आणि हणमंता त्यांची स्वच्छ प्रत करी. त्याचं अक्षर छापल्यासारखं होतं. त्या वर्षी त्याचे वडील गेले. घरात दोन बहिणी, कॉलेजात एक जागा निघालेली, आणि प्रबंधात तिसरं प्रकरण नाही. त्यानं स्वच्छ प्रत उचलून तिथे घातली.

मार्गदर्शक म्हणून सरांनी तो प्रबंध एक पूर्ण दिवस वाचला होता. संध्याकाळी सही केली.

हणमंताला नोकरी लागली. तो आधी दर महिन्याला भेटायला येई, मग दिवाळीला, मग दिवाळीला नुसतं कार्ड.

"प्रमाणपत्रावर सही तुमचीच आहे, सर," सरोदे म्हणाले. " 'हे काम संशोधकाचे स्वतःचे आहे.' खाली तुमचं नाव."

"माझीच आहे."

"मग आता... माझ्या मुलाखतीच्या तोंडावर हे कशाला आणलंत?"

"मुलाखत आहे? मला माहीत नव्हतं."

कोपऱ्यात यूपीएस मधूनमधून टूं करत होता. त्याची बॅटरी गेली होती आणि नवी अजून आली नव्हती.

सरांनी अहवालाची पानं पुढे ओढली. बोट जिभेला लावत एकेक उलटलं. एकोणतिसाव्या पानावर ते थांबले. लाल मजकुराच्या मधोमध एक ओळ पांढरी होती.

"एवढंच जुळलं नाही?"

"एवढंच."

"मग एवढंच ठेवता येईल?"

सरोदे हसले. एका ओळीची नोंद भांडारात कुणी घेत नाही, असं ते म्हणाले. पलीकडून शेवाळेबाई म्हणाल्या की नियमात कमीत कमी पानं किती ते लिहिलेलं नाही.

सरांनी टेबलावरचं पेन घेतलं आणि आपलं पहिलं पान खोडलं.

मग दुसरं.

रेघ सरळ जात नव्हती. काही पानं फाटली. सरोदे बघत राहिले. अकराव्या पानावर दोरीला लिंबाची फांदी बांधून पाणी बघण्याची रीत होती. तीस वर्षांपूर्वी तो मजकूर उतरवताना सरांच्या घरी कंदिलाची काच फुटली होती, हे सरोदेंना एकदम आठवलं. त्या पानावरून रेघ गेली.

एकेचाळीस पानं खोडायला बराच वेळ लागला. कुणी थांबवलं नाही.

शेवटी एकोणतिसाव्या पानावरची ती ओळ तेवढी उरली. सरोदेंनी ती पहिल्यांदा वाचली.

'बोरदऱ्याच्या विहिरीची जागा ठकूबाई बोराडे हिने दाखवली.'

"माझ्या प्रबंधात रघोजी बोराडे आहे," ते म्हणाले.

"माझ्या वहीतही तोच होता. तू नीट उतरवलंस."

"मग हे नाव..."

"मी ओसरीवर बसून विचारत होतो. दुष्काळात गाव जगवणारी विहीर, जागा कुणी सांगितली? पुरुष म्हणाले, रघोजीनं. ठकूबाई त्याची भावजय, दाराआड उभी होती. मी तिच्या हातचा चहा प्यायलो आणि तिच्या दिराचं नाव लिहून घेतलं."

दोन वर्षांपूर्वी सर पुन्हा त्या गावाला गेले होते. पुरुष सगळे गेलेले. म्हातारीला दिसत नव्हतं, पण पाणी कसं ओळखलं ते तिनं सगळं सांगितलं. मुंग्यांची वारुळं, रुईची झुडपं, पहाटे जमिनीला कान लावून पडणं. शेजारी तिचा नातू होता. त्यानं फोनवर सरोदेंचा प्रबंध उघडून दाखवला. ग्रामपंचायतीनं त्यातूनच नाव घेऊन विहिरीवर रघोजीची पाटी लावली होती. कागदावरचं पुसता येत नाही का, असं म्हातारीनं विचारलं होतं. सर म्हणाले, दुरुस्त करून येतो. मग ते आजारी पडले. माघात ती गेली.

सरोदेंनी कीबोर्ड पुढे ओढला. मग त्यांनी ती एक ओळ सरांच्या नावानं स्वतः भांडारात अपलोड केली. तपासणीत शून्य टक्के आलं.

"झालं, सर. आता ती कायमची राहील."

सरांनी ती विहीर भांडारात शोधून दाखवायला सांगितलं. सरोदेंनी गावाचं नाव टाकलं. सगळ्यात वर त्यांचा प्रबंध आला. त्याखाली त्या प्रबंधावरून लिहिलेले सोळा लेख. सगळ्यांत रघोजी. सरांची ओळ दुसऱ्या पानावर, तळाशी होती.

"लोक किती खालपर्यंत बघतात?"

"...पहिल्या दोन-तीन नोंदी."

शेवाळेबाई उठल्या. त्यांनी एक कोरा फॉर्म आणून सरोदेंसमोर ठेवला आणि परत गेल्या. प्रबंधात दुरुस्ती करायची तर हा फॉर्म भरावा लागे. तो सरोदेंनीच तयार केला होता. मूळ माहिती कोणी, कधी, कुठे जाऊन गोळा केली, असा एक मोठा रकाना त्यांनी त्यात मुद्दाम घातला होता. खाली संशोधकाची सही. फॉर्म कुलगुरूंकडे जाई.

सरोदेंनी पेन उचललं. तो रकाना वाचला. पेन खाली ठेवलं.

"मी त्या गावाला कधी गेलोच नाही, सर."

"माहीत आहे."

"हे भरलं तर... माझ्याकडे काहीच उरत नाही."

यूपीएस वाजला. सरांनी खोडलेली पानं गोळा करून पिशवीत घातली. एकोणतिसावं तेवढं टेबलावर राहू दिलं. खुर्चीच्या पाठीला धरून ते उठले. दाराशी कार्डांचं कपाट होतं, त्याला हात टेकून क्षणभर उभे राहिले.

"बाकी सगळं मी तुला तेव्हाच दिलं, हणमंता," ते म्हणाले. "माझी चूक तेवढी परत दे."