अळणी ताट

गेल्या माघात मला एका माउलीचे पत्र आले. तिचा सतरा वर्षांचा मुलगा घर सोडून गेला होता. 'सदोबामहाराजांच्या चरित्रात तुम्ही तांबटाच्या मुलाची गोष्ट एका ओळीत उरकली आहे. महाराजांनी त्या घराला काय करायला सांगितले होते?' एवढाच प्रश्न. मी उत्तर दिले नाही. तो तपशील मी मुद्दामच गाळला होता. तो खरा मानावा की नाही, हे मला ठरवता आले नव्हते. आता, जसा ऐकला तसा सांगतो.

महाराज तेव्हा खडकवळणला, ओढ्याकाठच्या महादेवाच्या देवळात उतरले होते. अंगावर काळी घोंगडी, बोलणे मोजके. त्याच गावात तुळाजीशेट तांबट राहत असे. हंडा घडवावा तर त्यानेच, असा त्याचा लौकिक, आणि ताठाही तेवढाच. त्याचा मुलगा विसू सोळा वर्षांचा. एका हंड्याचा काठ विसूच्या हातून चिरला, म्हणून बापाने त्याला साऱ्या आळीसमोर हातोडीच्या दांड्याने मारले. त्या दुपारी विसू गेला तो गेलाच.

काही दिवसांनी विसूची आई सगुणा महाराजांच्या पायाशी येऊन बसली. महाराजांनी ना अंगारा दिला, ना मंत्र. म्हणाले, "बाई, रोज दुपारी त्याचं ताट वाढ. भाकरी तू वाढ, कालवण त्याच्या बहिणीनं. पण त्याच्या वाटणीचं अळणी शिजव. मीठ बापानं आपल्या हातानं वाढायचं. मग ते ताट दारी येईल त्याला दे."

"आणि ह्यांनी नाहीच वाढलं तर?"

"तर अळणीच दे. त्याच्या वतीनं तू मीठ घालू नकोस."

तुळाजीशेटने हे ऐकले आणि तो पोट धरून हसला. "फुटका हंडा मी झाळून देतो. हा बुवा चिमटीभर मिठानं पोर जोडणार म्हणे!"

आळीतही चेष्टा सुरू झाली. दारी आलेला एक गोसावी तर घास घेऊन म्हणाला, "माई, मीठ विसरलीस काय गं?" विसूची बहीण चिमा बापाकडे पाही; बाप आपली भाकरी मोडत राही. सगुणेने मात्र ताट एकही दिवस चुकवले नाही.

असे तीन महिने गेले. मग निरोप आला, की खालच्या गावी डोहात एका पोराचे प्रेत सापडले आहे. तुळाजीशेट एकटाच गेला. प्रेत दुसऱ्याच कुणाच्या मुलाचे होते. तरी तो तिथे बराच वेळ बसून राहिला, म्हणतात. घरी परतला तेव्हा ताटे वाढलेली होती. सगुणा उभीच होती. विचारायचा धीर तिला होईना.

"आपला नव्हे," तो म्हणाला.

त्याने हात धुतले, मिठाचे मडके पुढे ओढले आणि विसूच्या ताटात चिमूटभर मीठ वाढले. थोडे ताटाबाहेरही सांडले.

पाचव्या दिवशी दुपारी विसू दारात उभा!

जेवता जेवता तो म्हणाला, "आई, माझं जेवण तूच पाठवत होतीस ना?"

"मी? कुठं रे?"

"बंदरावर. काम मिळेना, उपाशी होतो. रोज दुपारी एक घोंगडीवाले बाबा पत्रावळ आणून द्यायचे. कधी पिठलं, कधी शेपूची भाजी. चव तुझीच. पण सगळं अळणी. मीठ मागितलं की म्हणायचे, 'ते घरून यायचंय.'"

तुळाजीशेटचा घास हातातच राहिला.

"आणि पाच दिवसांमागं पानात मीठ होतं. बाबा म्हणाले, 'आलं बघ. आता जा.'"

महाराजांनी तर त्या तीन महिन्यांत गावाची वेस ओलांडली नव्हती!

तुळाजीशेट उष्ट्या हातानेच देवळाकडे धावला आणि महाराजांच्या पायांवर कोसळला. "महाराज, मी हसलो. माझ्यापायी पोर अळणी जेवलं."

महाराज म्हणाले, "डोकं इथं टेकवलंस, आता हात त्याच्या पाठीवर ठेव. का गेलास, ते तो सांगेपर्यंत विचारू नकोस. जेवलास का, एवढं रोज विचार."

हे खरेच असे घडले का, मला आजही सांगता येत नाही. पण पुढे त्या घरात मीठ कायम तुळाजीशेटच वाढी, हे मला विसूच्या नातसुनेने सांगितले.

एवढेच मी काल त्या माउलीला लिहिले, आठ महिन्यांच्या उशिराची क्षमा मागितली. आज सकाळी पत्ता दोनदा ताडून पाहिला आणि पत्र चौकातल्या पेटीत टाकले. ते आत पडल्याचा आवाज येईपर्यंत तिथेच उभा होतो.