कवडसाईच्या काचेला कुंकू का लावत नाहीत

कंकणवाडीच्या टेकडीवर कवडसाईची कपार आहे. आत मूर्ती नाही. खडकाच्या चिरेतून आत गेलेली, पुढे बाकदार वळलेली, करंगळीएवढी जाड काचेची कांडी, तीच देवी. सवयीने मी पर्समधली कुंकवाची पुडी काढली, तर म्हादबा गुरवांनी हात आडवा धरला. "इथं नाही लावायचं, ताई." कडेवरचं बाळ चिरेकडे झेपावत होतं आणि मी त्याला, नेहमीप्रमाणे, गरजेपेक्षा जास्तच घट्ट धरलं होतं. ते त्यांनी पाहिलं असावं, कारण गोष्ट त्यांनी सावकाश सांगितली.

फार पूर्वी इथे काचाऱ्यांच्या भट्ट्या होत्या. बांगड्यांसाठी वितळलेल्या काचेच्या लांब कांड्या ओढायचं काम हौसा नावाची सून करायची. तिची लेक सोनी, नुकती धड बोलू लागलेली, एका दुपारी खेळता खेळता या चिरेत शिरली आणि वळणापलीकडच्या अंधाऱ्या पोकळीत घसरली. मोठ्या माणसाला वळणापुढे जाता येत नव्हतं. हाका मारल्या, पण आत हाक चहूकडून घुमायची आणि पोर आवाजामागे भलतीकडेच सरकायची. आत पाण्याचं खोल टाकं आहे, हे गावाला ठाऊक होतं. पलिता सारून पाहिला, तर धुराने ती गुदमरू लागली.

हौसाला तेव्हा भट्टी आठवली, म्हणे. कांडीचं एक टोक जाळाजवळ असलं की हातातलं गार टोकही उजळतं, आणि मधली काच मात्र अंधारीच राहते. उजेड काचेच्या बाहेर पडत नाही. आतल्या आत कडेवरून परत फिरत, कांडी वळेल तसा वळत जातो. बाक फार आवळला तर तो वाटेतच सांडतो, हेही तिने पाहिलं होतं. तिने नितळ काचेची कांडी ओढली आणि अलगद वाकवली. राखेत पुरती निवू द्यायलाही वेळ नव्हता. तडकली असती तर संपलंच होतं. ऊन उतरत चाललं होतं.

हौसा पालथी होऊन चिरेत शिरली आणि कांडीचं टोक तिने वळणापलीकडे सारलं. बाहेरचं टोक सासूने धरलं. दिराने पितळी ताटाने त्यावर मावळतीचं ऊन पाडलं. आत काहीच उजळेना. बाहेर मात्र कांडीवर एक लाल ठिपका पेटल्यासारखा झळकू लागला. भट्टीतून निघालेल्या नव्या वस्तूला हळदकुंकू लावल्याशिवाय ती बाहेर न्यायची नाही, ही घरची रीत. त्या घाईतही सासूने ओलं कुंकू फासलं होतं. देवी आली म्हणून लोकांनी हात जोडले. दिराने कुंकवाचा ठिपका झळकतोय हे ओरडून आत सांगितलं, तेव्हा आतून हौसाचा आवाज आला.

"आत्याबाई, उजेड तिथंच सांडतोय. पुसा ते."

सासूचा हात हलेना. तिचा मुलगा, हौसाचा नवरा, बांगड्या विकायला घाटापलीकडे गेलेला, आणि बरेच दिवस त्याचा निरोप नव्हता. लावलेलं कुंकू पुसणं म्हणजे काय, हे तिला कुणी सांगायला नको होतं. आणि सून स्वतःच्या तोंडाने ते सांगत होती. आत खडे घरंगळून पाण्यात पडल्याचा आवाज आला.

"नात माझी आहे," सासू म्हणाली. "दोषही मलाच लागू दे."

तिने पदराने काच पुसली. मग पुन्हा, डाग उरला नाही ना ते बघत.

वळणापलीकडे हिरवट उजेडाचा थेंब लागला. "आई, काजवा," असं सोनी म्हणाली म्हणे, आणि त्या काजव्याकडे रांगत आली. हौसाच्या हाताला आधी तिची बोटं लागली.

"आणि नवरा?" मी विचारलंच.

"सगळ्या बायका हेच विचारतात," गुरव म्हणाले. आला तो, बांगड्यांचं ओझं संपवून. पण तो येईपर्यंत सासू या कपारीपासून हलली नाही आणि तिने अन्नाला हात लावला नाही, असं सांगतात.

आजही वर्षातून एकदा, जत्रेच्या संध्याकाळी, गावातली सर्वांत वडीलधारी सवाष्ण कांडीवर कुंकवाचं एक बोट ओढते. कांडीतून कपारीत आलेला मावळतीचा उजेड विझतो. मग तिनेच ते पुसायचं असतं. गोष्टीचा शेवट तिला लहानपणापासून पाठ असतो, तरी पदर काचेपर्यंत नेताना, गुरव म्हणाले, प्रत्येकीचा हात थांबतो.