सोमिलाची सुटी

पूर्वी सुवर्णतीर नगरात अरिंजय राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व राजभेरी वाजवणाऱ्या नंदिकाच्या घरी जन्मला होता. त्याचे नाव पिंगल. पंधरावे सरून सोळावे लागले होते, आणि येत्या पौर्णिमेला बापाची जागा त्याला मिळायची होती.

नगराच्या वेशीबाहेर सोमिल नावाचा म्हातारा सैनिक राहत असे. राहत असे म्हणजे काय, उघड्यावर उभा असे, थकला की दगडाला टेकून बसे. वीस वर्षांपूर्वी नदीकाठच्या लढाईत त्याची सारी तुकडी पडली. तो एकटाच परतला, तोही वेशीपर्यंतच. त्याला घर नव्हते आणि कोणी दिले तरी तो घेत नसे. लोक त्याला खुळा म्हणत आणि भाकरी देत.

पिंगलाचा त्याच्यावर फार जीव. म्हाताराही पोराची चेष्टा केल्याशिवाय घास गिळत नसे. “म्हैस थोपटल्यासारखी भेरी वाजवतोस रे,” असे म्हणे.

त्या वर्षी थंडी कडाक्याची पडली. सोमिल खोकू लागला. वैद्याने नाडी पाहून सांगितले, “आणखी दोन रात्री उघड्यावर काढल्या तर हा वाचत नाही.” चौघांनी त्याला उचलून धर्मशाळेत नेले, तर तो घटकाभरात पुन्हा वेशीवर हजर. पिंगलाने तट्ट्याचे छप्पर बांधून दिले. म्हातारा उठला आणि चार पावले सरकून मोकळ्यात बसला.

पिंगल रडकुंडीला आला. “आजोबा, छपराशी तुमचे वैर आहे का?”

“वैर कसले? मी पहाऱ्यावर आहे,” सोमिल म्हणाला. “सुटीची भेरी वाजेपर्यंत छपराखाली जायचे नाही, हा सैन्याचा नेम. आमचा भेरीवाला नदीतच पडला. सुटी द्यायची राहूनच गेली.”

वीस वर्षांत हे त्याला कोणी विचारलेच नव्हते.

पिंगल धावत जाऊन घरातला ढोल घेऊन आला. सोमिलाने गुडघ्यावर सुटीचे ठोके वाजवून दाखवले, पिंगलाने ते ढोलावर वाजवले. म्हातारा हसला. “ठोके बरोबर आहेत. पण हा लग्नातला ढोल, बाळा. आमच्या तुकडीची भेरी नदीत गेली, आता सुटी राजभेरीनेच होईल.”

राजभेरी राजवाड्याच्या दारावर होती. राजाच्या आज्ञेवाचून जो ती वाजवील त्याला ती पुन्हा कधीच वाजवता येणार नाही, असा नियम होता. आणि राजा सीमेवर गेलेला, आठ दिवस यायचा नव्हता. नंदिकाने मुलाचा हात धरला. “अरे, पौर्णिमा तोंडावर आली. जन्माच्या भाकरीवर पाणी सोडतोस?”

“बाबा, मला दुसरी भाकरी मिळेल. आजोबांना तिसरी रात्र मिळणार नाही.”

नंदिकाने त्याचा हात सोडला. मग त्याने आपल्या हाताने भेरीच्या काठ्या पोराला दिल्या.

सूर्य मावळताना राजभेरी घुमली. लोक दचकून दारात आले. वेशीवर सोमिल ताठ उभा राहिला, शेवटपर्यंत ऐकले, आणि हातातली काठी दगडाला टेकवून ठेवली. मग तो वीस वर्षांनी आपल्या पायांनी वेशीच्या आत आला. विचारत विचारत नंदिकाच्या दाराशी पोचला, तोवर पिंगलही तिथे आला होता. “शेवटचा ठोका घाईत मारलास,” म्हातारा म्हणाला, आणि वाकून घरात शिरला. चुलीच्या उबेला त्याला लगेच झोप लागली.

राजा परतल्यावर पिंगलाला बोलावणे आले. त्याने काही लपवले नाही. “महाराज, लढाईवर जाण्याची आज्ञा आपण या माणसाला दिली होती. परत येण्याची द्यायची राहिली होती, ती मी दिली.”

राजाने मान खाली घातली. नियम मात्र त्याने मोडला नाही, भेरी दुसऱ्याकडे गेली. पण यापुढे प्रत्येक लढाईनंतर शेवटचा सैनिक घरी पोचेपर्यंत सुटीची भेरी रोज वाजवावी, असा हुकूम त्याने काढला.

पिंगल लग्नकार्यांत ढोल वाजवून पोट भरू लागला. सोमिल त्याच्या घरी आणखी अकरा वर्षे जगला, आणि एकाही लग्नात त्याने पोराचे वाजवणे वाखाणले नाही.

भिक्षूंना एवढे सांगून शास्ता, म्हणजे पुढे बुद्ध झालेले ते बोधिसत्त्व, विहाराच्या पायरीकडे वळले. तिथे एक नवा भिक्षू बसला होता. तो पूर्वी सैनिक होता, आणि आत निजायला त्याचे मन घेत नसे. शास्ता म्हणाले, “तेव्हाचा सोमिल तो हा. याला रोज पायरीवर अन्न आणून देणारा वृद्ध उपासक म्हणजे तेव्हाचा नंदिक, आणि भेरी वाजवणारा पिंगल मीच.” मग ते हळूच म्हणाले, “बाळा, तुझी सुटी झाली आहे. आत ये.”

भिक्षू उठून आत आला. दुसऱ्याचे दुःख आधी विचारून घ्यावे आणि मग हात आखडता घेऊ नये, यालाच करुणा म्हणतात.