झिपरूकाकांची वेलबुट्टी

जंगलात इंटरनेट नुकतंच पोचलं होतं, तेव्हाची गोष्ट. झिपरू अस्वलाच्या मधाच्या दुकानाची वेबसाइट खारीनं साध्या, ठळक अक्षरांत केली होती.

मोर हसला, "झिपरूशेठ, काय ही बाळबोध अक्षरं!" झिपरूकाकांना ते लागलं. त्यांनी वेलबुट्टीचा फॉन्ट लावून घेतला.

"काका, वाचताच येत नाही हो," खार कळवळली.

"मला शिकवू नकोस. हे केस उन्हात नाही पिकले!"

गिऱ्हाइकं आटली. एकदा ओढ्यावर अधू डोळ्यांची चिचुंद्रीआजी झिपरूकाकांना पाहून दचकली. "अगोबाई, तुम्ही आहात? मोबाइलवर दुकान उघडलं, तर नुसत्या वेली माजलेल्या. वाटलं, तुम्ही गेलात. रडले हो मी."

झिपरूकाका धावतच खारीच्या ढोलीपाशी गेले. "पोरी, तुझीच अक्षरं लाव गं!"

आतून तिथं नव्यानं राहायला आलेल्या पोपटानं डोकं काढलं. "इथं आपलं कुणी ऐकत नाही म्हणून ती रान सोडून गेली, काका."